दोन जिवांचे जेवण, हप्त्याहप्त्याने



गव्हाला युरिया देताना घरधनी सगळे पोते पेरणीच्या दिवशीच ओतून मोकळे होत नाहीत. निम्मे पेरताना देतात, उरलेले तीन आठवड्यांनी पहिल्या पाण्याच्या वेळी. एकदम दिलेले खत पिकाला घेता येत नाही. ते वाया तर जातेच, शिवाय अपायही करते. तेच खत विभागून दिले की पीक ते पुरते वापरते. आजच्या विषयाचे मर्म याच गोष्टीत आहे. विषय आहे गरोदरपणात होणारा मधुमेह आणि त्यासाठी घ्यावयाचा आहार.

शेतीखात्याच्या माणसाने बाळंतपणाच्या गोष्टीत का पडावे, असे कोणी म्हणेल. मी डॉक्टर नव्हे आणि औषधपाणी सांगणारही नाही. पण या मधुमेहावर पहिला उपाय औषधाचा नसून जेवणाचा आहे, आणि जेवण शिवारातून घरात येते. ज्वारी, बाजरी, तूर, मटकी, मेथी, शेवगा ही आमची रोजची माणसे. म्हणून त्यांच्या वतीने चार शब्द बोलण्याचा अधिकार मी घेत आहे.

हा मधुमेह येतो कोठून?

आपण भाकरी खातो, भात खातो, त्याची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. ही साखर रक्तातून शरीराच्या कणाकणात पोहोचविण्याचे काम इन्सुलिन नावाचा रस करतो. तो पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो. बाई गरोदर राहिली की वारेतून काही निराळे रस पाझरू लागतात. बाळाला साखरेचा पुरवठा अखंड मिळावा म्हणून ते आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. वार जसजशी वाढते तसतसा हा अडसर वाढतो, आणि सहाव्या-सातव्या महिन्यात तो चांगलाच जाणवू लागतो. बहुतेक बायकांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून तोल सांभाळते. ज्यांचे तेवढे पुरे पडत नाही, त्यांच्या रक्तात साखर साठते.

हे समजून घेतले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येईल. सुनेने डोहाळ्यात चार पेढे जास्त खाल्ले म्हणून हा आजार झाला, असे म्हणणे बरोबर नाही. आईवडिलांना मधुमेह असेल, वजन जास्त असेल, वय वाढलेले असेल, आधीचे मूल फार वजनदार जन्मले असेल, तर धोका अधिक असतो हे खरे. पण सडपातळ, रोज रानात राबणाऱ्या बाईलाही तो होतो. तेव्हा घरात दोष कोणाचा याची चर्चा नको. चर्चा व्हावी ती उद्या ताटात काय वाढायचे याची.

दुर्लक्ष केले तर काय होते तेही सांगतो. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, परंतु आईचे इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन जादा तयार करते, आलेली साखर चरबीत साठवते आणि प्रमाणाबाहेर वाढते. गावात अशा बाळाला गुटगुटीत म्हणून वाखाणतात. पण बाळंतपणात ते अडते, खांदे अडकतात, आईचे हाल होतात. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा एकाएकी थांबतो. बाळाचे इन्सुलिन मात्र चालूच असते, त्यामुळे त्याची साखर एकदम खाली येऊ शकते. आईचा रक्तदाब वाढण्याचा धोकाही असतो. आणि एवढे सगळे आत चालू असता बाहेर बहुधा एकही लक्षण दिसत नाही. म्हणून तपासणी करावयाची.

तपासणी साधी आहे

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात होणारी तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. त्यासाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. साखर १४० किंवा त्याहून जास्त भरली तर गरोदरपणातला मधुमेह आहे असे धरतात. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करतात. खेड्यातल्या बाईला परवडेल अशी ही पद्धत रूढ करण्यात चेन्नईचे डॉ. वीरास्वामी शेषय्या यांचा मोठा वाटा आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तपासणी दोनदा करावयाची असते. एकदा नाव नोंदवायला जाल तेव्हा आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यात. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळू नये, कारण अडसर वाढतो तो नंतरच. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. गावच्या आशाताईंना विचारा, त्या सोबत येतील.

मधुमेह निघाला तर डॉक्टर बहुधा दोन आठवडे आहार सांभाळून पाहायला सांगतात. साखर फारच जास्त असेल तर मात्र औषध लगेच सुरू करतात. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत राहिली, तर आहारच पुढे चालू ठेवतात. हे दोन आठवडे महत्त्वाचे. ते कसे घालवायचे ते आता पाहू.

दोन जिवांसाठी किती?

"आता दोन जिवांची आहेस, दोघांचे खा," असे घरोघर सांगतात. त्यात माया आहे, पण हिशेब नाही. गरोदर बाईला रोजच्यापेक्षा सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात. म्हणजे एक मध्यम भाकरी, एक वाटी घट्ट वरण आणि एक कप दूध. दुसऱ्या जिवाचा वाटा एवढाच.

याच्या उलट चूकही होते. साखर निघाली म्हणताच घाबरून बाई जेवणच सोडते, किंवा घरचे तिचे ताट निम्मे करतात. हे अगदी करू नये. उपाशी राहिले की शरीर आतली चरबी जाळू लागते आणि ते बाळाला चांगले नाही. पोट भरले पाहिजे, वजन डॉक्टर सांगतील तसे वाढले पाहिजे. फक्त दोन वेळच्या मोठ्या ताटांचे सहा वेळांत वाटप करावयाचे. तीन जेवणे आणि मध्ये तीन लहान खाणी. खत तेवढेच, हप्ते जास्त.

भाकरी चांगली, पण मोजून

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि आपल्या ज्वारी-बाजरीला मान आला. मला त्याचा आनंद आहे. पण तेव्हापासून एक समज पसरला की भाकरीने साखर वाढतच नाही. असे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्ट असते, तर ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम. फरक आहे, पण फार मोठा नाही. मोठा फरक आहे तो चोथ्यात. तांदळात तो ३ ग्रॅमपेक्षा कमी, तर ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास आणि बाजरी-नाचणीत ११ च्या पुढे. चोथा असला की साखर रक्तात सावकाश उतरते. म्हणून भाकरी बरी, पण तिलाही माप हवे.

माप कसे ठरवावे? एका महिला गटाच्या बैठकीत आम्ही तराजू मांडून एकेका भाकरीचे पीठ तोलले. एका घरची भाकरी ५० ग्रॅम पिठाची निघाली, तर दुसरीची जवळजवळ १००. दोघी म्हणत होत्या, "मी दोनच भाकरी खाते." तुम्हीही एकदा पीठ तोलून पाहा आणि ५० ग्रॅमची भाकरी केवढी होते ते हाताला ठाऊक करून घ्या. बहुतेक बायांना एका जेवणाला अशा दीड-दोन भाकऱ्या, भरपूर भाजी आणि डाळ-उसळ पुरेशी होते. नक्की किती, ते तुमचे वजन, काम आणि साखर पाहून डॉक्टर सांगतील.

पीठ चाळून कोंडा टाकू नका. नाचणीत चुन्याचे प्रमाण भरपूर, म्हणून ती भाकरीतून जरूर खावी, पण पातळ आंबील किंवा खीर करून प्याल तर साखर लवकर चढते. कोकणातल्या बहिणींना भात सोडा म्हणणे अन्यायाचे होईल. भाताची एक लहान वाटी घ्या, सोबत कुळथाची पिठी किंवा मासळी आणि वाडगाभर भाजी घ्या. मात्र त्या जेवणात भाकरी तितकी कमी करा.

ताटाचे तीन वाटे

ताटाचे मनाने दोन भाग करा. एक भाग सगळा भाजी-कोशिंबिरीचा. दुसऱ्या भागाचे पुन्हा दोन वाटे. एक भाकरीचा किंवा भाताचा, दुसरा डाळ, उसळ, अंडे किंवा मासळी यांचा.

भाजीच्या वाट्याला मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला, दोडका, पडवळ, कारले, भेंडी, गवार, वांगे यांपैकी काहीही चालेल. परसात सांडपाण्यावर दोन वाफे मेथी-शेपूचे आणि बांधावर एक शेवगा असला की बाजाराची वाट पाहावी लागत नाही. बटाटा आणि रताळे भाजी म्हणून खाल्ले तरी ते भाकरीच्या वाट्यात मोजा.

डाळीच्या वाट्याला तूर, मूग, मटकी, हुलगा, चवळी, हरभरा. ज्वारीच्या प्रथिनात जे उणे असते ते डाळ भरून काढते. आपल्या आजीने भाकरीबरोबर घुटे नाहीतर पिठले वाढले, त्यात शहाणपण होते. पण डाळ घट्ट हवी. पातळ आमटीचे पाणी पिऊन हा वाटा भरत नाही.

जेवताना आधी भाजी-कोशिंबीर व उसळ खायला सुरुवात करा, भाकरी मागून घ्या. एवढ्यानेही साखर जरा सावकाश चढते.

दिवसाची आखणी

रानात जाणाऱ्या बाईच्या सोयीने ही आखणी दिली आहे. वेळा थोड्या मागेपुढे चालतील.

उठल्यावर, सहाच्या सुमारास: बिनसाखरेचा चहा किंवा अर्धा कप दूध, मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे.

न्याहारी, आठ वाजता: एक भाकरी, पालेभाजी आणि मटकीची उसळ किंवा एक अंडे. नाहीतर भाजणीचे एक थालीपीठ आणि दही. सकाळच्या वेळी इन्सुलिनचा जोर सर्वांत कमी असतो. त्यामुळे नुसते पोहे, चहा-बटर, साबुदाणा यांनी साखर भरकन चढते. न्याहारीत भाकरी कमी, उसळ जास्त असावी.

अकरा वाजता, बांधावर: ताक आणि एक पेरू, किंवा मूठभर जांभळे त्यांच्या हंगामात.

दुपारी एक: दीड-दोन भाकऱ्या, दोन वाट्या भाजी, वाटीभर घट्ट वरण, काकडी किंवा मुळा, ताक.

साडेचार: वाटीभर उकडलेली मटकी, हरभरे किंवा चवळी.

रात्री साडेसात-आठ: दुपारसारखेच, थोडे कमी.

झोपताना: एक कप दूध, साखर न घालता. रात्रीचा उपास फार लांबू नये म्हणून हे हवे.

जेवणानंतर थोडे चालावे, दिवसाचे मिळून अर्धा तास तरी. "दिवसभर खुरपते की!" असे म्हणाल. वाकून खुरपणे, ओझे वाहणे हे निराळे आणि मोकळे चालणे निराळे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर मात्र चालण्याचा आग्रह नको.

गूळ, चहा आणि उपास

उसाच्या पट्ट्यात मला हमखास विचारतात, "साखर सोडली, पण घरचा सेंद्रिय गूळ तर चालेल?" नाही चालणार. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रसच. त्यात साखरेखेरीज दोन गोष्टी असतील, पण बहुतांश साखरच आहे. मध आणि रसवंतीचा रस यांनाही तोच नियम. चहाचा हिशेब करून पाहा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे आणि चमचा ५ ग्रॅमचा धरला, तर ४० ग्रॅम साखर चहातूनच गेली. चहा कमी करा, आणि जेवणाला लागून तर घेऊच नका. त्याने अन्नातले व गोळीतले लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या मात्र चुकवू नका.

फळे खावीत, पण एका वेळी एक आणि चावून. रस काढून नको. आंबा, केळे, चिक्कू, सीताफळ यांची एखादी फोड दुपारच्या खाण्याला चालेल की नाही ते साखर तपासून ठरवावे. हुरड्याच्या दिवसांत मूठभर हुरडा खा, त्याबरोबरची गुळाची रेवडी दुसऱ्याला द्या.

उपासाबद्दल स्पष्ट बोलतो. दिवसभर निरंकार राहायचे आणि संध्याकाळी साबुदाणा, बटाटा, वरी, केळे असे सगळे एकदम खायचे, हे या आजारात दोन्हीकडून वाईट आहे. चतुर्थी-एकादशी बाळंत झाल्यावरही करता येईल. आपल्या व्रतांत गरोदर बाईला मोकळीक देणारे वडीलधारे घरोघर असतात, त्यांनीच हे सुनेला आपण होऊन सांगावे.

आता घरच्यांसाठी

वरची सगळी आखणी कागदावर सोपी दिसते. ती मोडते कोठे? धान्यात मोडत नाही, पैशातही फारशी मोडत नाही. ती मोडते वेळेत. आपल्या घरात सून सगळ्यांची पाने वाढून, गड्याची भाकरी बांधून, मुलांचे आवरून शेवटी बसते. सकाळी चहावर गेलेली बाई दोन वाजता जेवते, तेव्हा भाजी संपलेली असते. मग उरलेला भात आणि आमटीचे पाणी. सहा तास काही नाही आणि मग एकदम ताटभर पिष्ट. एवढ्यासाठीच तर आपण हप्ते पाडायला निघालो होतो.

म्हणून सासूबाईंना माझी विनंती आहे. या चार महिन्यांत सुनेचे पान पहिल्या पंगतीला मांडा. तिच्या वाटची भाजी आणि उसळ आधीच बाजूला झाकून ठेवा. घरधन्यांनी अकरा आणि साडेचारचा गजर मोबाईलवर लावावा. मोटारीची वीज रात्री दोनला येणार असेल तर आपण गजर लावून उठतोच ना? रानात जाताना तिचा छोटा डबा वेगळा बांधावा. आणि फवारणी चालू असेल त्या वावरात तिला मुळीच नेऊ नये.

डोहाळजेवण आणि माहेरपण

डोहाळजेवण नेमके सातव्या महिन्यात येते, म्हणजे साखर चढण्याच्या दिवसांतच. कार्यक्रम बंद करा असे मी म्हणणार नाही. ओटी भरा, झोपाळा बांधा, फुलांच्या वाड्या घाला. फक्त तिच्या ताटात पुरणपोळीचा चतकोर, आणि थालीपीठ, उसळ, भरली वांगी, कोशिंबीर मनसोक्त. शेजारपाजारहून आलेले पेढे-लाडू मुलांत वाटून टाका. सहाव्या महिन्यातली तपासणी या कार्यक्रमाच्या आधी झालेली असावी.

त्यानंतर मुलगी माहेरी जाते. येथे मी पुष्कळ ठिकाणी घोटाळा झालेला पाहिला आहे. सासरी सांभाळलेला आहार माहेरच्या वाटेवर राहून जातो. आई म्हणते, "पोर सुकली, हिला खाऊ घालते का कोणी?" आणि दुसऱ्या दिवसापासून शिरा, खीर, लाडू. तेव्हा मुलीबरोबर साडीचोळी जाते तसे तिचे तपासणीचे कार्ड, साखरेच्या आकड्यांची वही आणि आहाराची आखणी गेली पाहिजे. जावईबापूंनी सोडायला जाताना सासूबाईंसमोर ती स्वतः वाचून दाखवावी. माहेरच्या आशाताईंकडे नाव लगेच नोंदवावे, म्हणजे तपासणीत खंड पडणार नाही.

सुईची भीती

आहार नीट पाळूनही काही जणींची साखर उतरत नाही. तो तिचा दोष नव्हे, वारेचा जोरच तेवढा असतो. मग डॉक्टर औषध किंवा इन्सुलिनची सुई देतात. "एकदा सुई लागली की जन्माची लागली," असे ऐकून काही घरे ती नाकारतात. वार पडल्यावर अडसर जातो आणि बहुतेक बायांची सुई थांबते. इन्सुलिनने बाळाला अपाय होत नाही. ते नाकारून कारल्याचा रस, कसल्यातरी पुड्या, ऐकीव काढे यांवर महिने काढणे मात्र धोक्याचे आहे.

सुई चालू असताना जेवणाची वेळ अजिबात चुकवू नये. हातपाय थरथरले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर खाली गेली असे समजून तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून लगेच प्यावी आणि मग काही खावे. गोड वर्ज्य आहे म्हणून अशा वेळी थांबू नये.

बाळंतपणानंतर

बाळंतपण दवाखान्यातच करावे. बाळाला जन्मल्यावर तासाभराच्या आत अंगावर घ्यावे, कारण त्याची साखर उतरण्याची शक्यता असते. सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासावी. ही तपासणी बहुतेक जणी विसरतात. ज्या बाईला गरोदरपणी मधुमेह झाला, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून वर्षातून एकदा साखर पाहात जावी, आणि पुढच्या खेपेला दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना ही गोष्ट सांगावी. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचेही माप डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

या आठवड्यात घरात कोणी गरोदर असेल तर तीन कामे करा. सहाव्या-सातव्या महिन्याची साखर तपासली का, ते तिच्या कार्डावर पाहा. नसेल तर येत्या ९ तारखेला तिला दवाखान्यात न्या. एका भाकरीचे पीठ तोलून पाहा. आणि आज रात्री तिचे पान सर्वांत आधी वाढा.